घर राहू द्या

ती आमच्याकडे आली तेव्हा लंडनच्या पिनर भागातला चेरीचा बहर ओसरत आला होता. फुटपाथवर पाकळ्यांचा गुलाबी रेंदा साचला होता. टॅक्सीतून उतरल्यावर तिनं खाली बघितलं आणि चाकांची बॅग हातात उचलून घेतली. पाकळ्यांवरून ती ओढत आणली नाही. तिच्याबद्दल मला सगळ्यात आधी कळलेली गोष्ट ही. नाव, वय, गाव हे सगळं ईमेलमधून आधीच आलं होतं, पण ते काही कळणं नव्हे.

घरात तेव्हा आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि सासूबाई. मी फार्मसीतली नोकरी नुकतीच सोडली होती. मुलगी लीड्सला गेल्यापासून वरची मागची खोली रिकामी पडली होती. युक्रेनमधल्या लोकांना आपल्या घरी ठेवून घ्यायची सरकारी योजना निघाली होती, आणि एक दिवस जेवताना नवरा म्हणाला, "आपण घेऊ या का कुणाला?"

मी म्हटलं, "आईंचं सगळं सांभाळून जमेल का?"

सासूबाईंनी ताटातून मान वर केली. "कोण यायलंय?"

"युक्रेनमधली एक बाई, आई. तिच्या गावात लढाई चालू आहे."

"मग इचारता काय," त्या म्हणाल्या, "अंथरूण टाका."

काउन्सिलची बाई येऊन घर बघून गेली. स्मोक अलार्म वाजवून पाहिला, बॉयलरकडे नजर टाकली आणि सासूबाईंसमोर वाकून मोठ्यानं विचारलं, "आर यू हॅपी विथ धिस?" सासूबाईंनी तिचा हात धरला. "येस, येस. टी?" तेवढ्यावर आम्ही पास झालो.

सासूबाईंनी ऐंशी केव्हाच ओलांडली होती आणि गेली काही वर्षं त्यांचं मन एका जागी थांबत नव्हतं. एखाद्या दिवशी त्या पिनरमध्ये असायच्या. एखाद्या दिवशी मराठवाड्यातल्या, निजामाच्या राज्यातल्या त्यांच्या लहानपणीच्या गावात. बहुतेक दिवस दोन्हीकडे एकदमच. मागच्या बागेत बसल्या असताना झाडांपलीकडून मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी गेली की म्हणायच्या, "पाणी वाढायलंय वढ्याला." मी आधी आधी दुरुस्त करायचे. मग सोडून दिलं. आवाज खरंच ओढ्यासारखाच येतो.

आलेली बाई पन्नाशीची होती. युक्रेनच्या दक्षिणेला, अझोव्ह समुद्रापासून थोड्या अंतरावर तिचं गाव. गावात बाजारालगत तिचं स्वतःचं केस कापायचं दुकान होतं. युद्धाच्या पहिल्या काही दिवसांतच तो सगळा प्रांत रशियन फौजेच्या ताब्यात गेला. ती पहिला उन्हाळा तिथंच राहिली, शरद ऋतूत निघाली, क्रिमिया, रशिया, मग लॅटव्हिया असं करत पोलंडला एका शाळेच्या हॉलमध्ये हिवाळा काढून आमच्याकडे आली. तिचा नवरा मागेच राहिला होता, घर राखायला.

पहिले कितीतरी दिवस ती झोपत होती. रात्री नाही, दिवसा. बागेत खुर्ची टाकून दिली की उन्हात डोळे मिटायची, आणि शेजारच्या खुर्चीत सासूबाईही पेंगत असायच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्या दोघी दिसायच्या. दोघींच्या मांडीवर एकेक शाल, आणि मधल्या टेबलावर निवलेला चहा. ते मे महिन्याचं ऊन मला आठवतं ते पाण्याखालून पाहिल्यासारखं. सगळं हलतंय आणि काहीच घडत नाही.

एकदा जागी झाल्यावर तिनं मला स्वप्न सांगितलं. तिचं इंग्रजी थोडं, बाकीचं फोन भाषांतर करून बोलायचा.

"आमचा समुद्र उथळ आहे," ती म्हणाली. "चालत राहिलं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. कोमट पाणी. स्वप्नात मी चालत असते. मागं वळून बघते तर गाव तेवढंच जवळ. पुन्हा चालते, पुन्हा बघते. गाव लांब जातच नाही."

"भीती वाटते का?"

तिनं विचार केला. "नाही. पाणी छान असतं."

गावाबद्दल ती सलग कधीच बोलली नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना एखादा तुकडा सांगायची. पहिल्या आठवड्यांत माणसं चौकात जमायची, झेंडे घेऊन गाणी म्हणायची, रणगाड्यांसमोर उभी राहायची. ती पण जायची, शेजारच्या खुर्चीवर केस कापणाऱ्या तिच्या मैत्रिणीबरोबर. मग हवेत गोळ्या झाडल्या गेल्या. मग काही माणसं रात्रीतून घरातून नाहीशी झाली. पुढच्या वेळी चौकात निम्मीच माणसं आली, आणि त्याच्या पुढच्या वेळी चौकात फक्त कबुतरं होती. उन्हाळा संपता संपता, रशियात सामील व्हायचं का म्हणून दारोदार मतपेटी फिरली. पेटी धरणाऱ्या बाईमागं बंदूक घेतलेला शिपाई. "बाई आमच्याच गल्लीतली," ती म्हणाली. "तिचे केस मीच रंगवायचे."

बँका बंद झाल्या. एटीएम कोरडी पडली. बाजारात प्रत्येक वस्तूला दोन भाव लागले, एक जुन्या युक्रेनी ह्रिव्नियात, एक नव्या रशियन रूबलमध्ये, आणि सकाळचा दर संध्याकाळी टिकत नसे. उद्या कुठला पैसा चालेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे म्हाताऱ्या बायका केस कापून झाल्यावर टोमॅटो, अंडी, जर्दाळूचा मुरंबा असं काहीतरी हातावर ठेवायच्या. दुकान नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदवा, नवा रशियन पासपोर्ट घ्या, नाहीतर दुकान दुसऱ्या कुणाला देऊ, असा निरोप आला. तिनं दुकान बंद केलं आणि कात्री, कंगवा पिशवीत टाकून घरोघर जाऊन केस कापायला लागली. स्वयंपाकघरात बायकांच्या गप्पा चालायच्या. त्या गप्पांची खबर कुणीतरी दिली. दोन माणसं येऊन तिचा फोन तपासून गेली. त्याच आठवड्यात नवऱ्यानं तिला निघायला लावलं.

"आणि दुकान?" मी विचारलं.

"मैत्रिणीनं घेतलं."

"तीच? चौकात तुझ्याबरोबर यायची ती?"

"हो. तिनं नवा पासपोर्ट घेतला." ती कांदा चिरत राहिली. मला वाटलं आता काही कडवट बोलेल. "तिला तीन मुलं आहेत," एवढंच म्हणाली.

ती गंमत म्हणून आमच्याशी मराठी बोलायला लागली ती सासूबाईंमुळे. आम्ही सगळे त्यांना आई म्हणतो, तशी तीही आई म्हणायला लागली. "आई, चाय?" "आई, बस." सासूबाई तिच्याशी तासन्‌तास बोलायच्या, ती तिच्या भाषेत उत्तरं द्यायची, आणि दोघींचं कुठंच अडायचं नाही. मी मध्ये पडून अर्थ सांगायला गेले की दोघी माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी रंगात आलेलं गाणं बंद पाडलंय.

तिच्या नवऱ्याचा फोन आठवड्यातून एखाद्या वेळी लागायचा. कुणी ऐकत असेल म्हणून फोनवर ते हवेबद्दल बोलायचे. आभाळ कसं आहे, वारा कुठून येतोय. त्यातल्या बऱ्याच शब्दांचे अर्थ वेगळे होते हे मला पुढं कळलं. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. घर त्यानं आणि त्याच्या वडिलांनी हातानं बांधलेलं. मागं जर्दाळूची झाडं, पुढं द्राक्षाचा मांडव, आणि एक म्हातारा कुत्रा. त्या उन्हाळ्यात नवा फतवा निघाला. ज्या घराचा मालक स्वतः कागद घेऊन हजर होणार नाही ते घर बेवारस धरलं जाईल. तिच्या गल्लीतल्या दोन बंद घरांच्या फाटकांवर तशा नोटिसा लागल्या. म्हणून तो हलायला तयार नव्हता. नवा पासपोर्टही घेत नव्हता. पासपोर्ट नाही म्हणून पेन्शन बंद, आणि दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्याही मिळत नव्हत्या.

"त्याला सांग ना, ये म्हणून," मी एकदा म्हटलं.

"कसं सांगू? मी माझं दुकान सोडून आले. आता त्याला म्हणू, तू घर सोड? मग आमचं तिथं काय उरलं?"

मी पुण्यातून इथं आले ती आपखुशीनं, विमानात बसून, लोणच्याच्या बरण्या घेऊन. माझं तिथलं घर विकलं गेलं तेव्हा रीतसर सह्या झाल्या.

ऑगस्टमधली एक दुपार. पाऊस पडून गेला होता, काचेच्या दारातून ओलसर उजेड घरभर पसरला होता. तिनं सासूबाईंना मागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं होतं आणि त्यांच्या डोक्याला खोबरेल तेल लावत होती. सासूबाईंची वेणी आता करंगळीएवढी उरली होती. ती एकेक बट हातात घेऊन इतक्या हलक्या हातानं विंचरत होती की सासूबाईंचे डोळे मिटत चालले होते. मी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते.

सासूबाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "हिचा नवरा का येईना?"

मी म्हटलं, "घर राखतोय, आई. तो निघाला तर घर जाईल."

मला वाटलं झोपल्या. मग त्यांचा आवाज आला, एकदम स्वच्छ, गेल्या कित्येक वर्षांत मी ऐकला नव्हता असा.

"आमचे अण्णा बी घर राखायला राह्यले व्हते."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. माझ्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती आणि मला एवढंच माहीत होतं की ते लवकर गेले. तापानं, असं मी समजून चालले होते.

"कधी, आई?"

"रझाकाराच्या टायमाला. गावात रातच्याला घोडे यायचे. मायनं आम्हाला बैलगाडीत घातलं, वर कडबा टाकला आन् बार्शीकडं निघालो. तिकडं इंग्रजाचं राज्य व्हतं ना पहिलं, तिकडं रझाकार येईनात. अण्णा म्हनले, तुम्ही व्हा म्होरं. घर उघडं टाकलं तर वासेसुदीक ठिवायचे नाहीत."

ती विंचरायची थांबली होती. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. निजाम कोण, रझाकार कोण हे थोडक्यात सांगितलं. ती मान हलवत होती, जणू पुढचं तिला माहीतच होतं.

"बार्शीच्या बाजारात मायनं रुपाया काढला," सासूबाई म्हणाल्या, "तर दुकानदार म्हनला, ह्यो हाली हाय, निजामाचा. इंग्रजाचा कलदार दे. तोच रुपाया, आमच्या गावात चाले आन् तिथं चालंना. माय रडली न्हाई कदी, तवा रडली."

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. ती हसली की काय झालं मला कळलं नाही. "टू मनी," ती म्हणाली. "सेम. सेम."

"मग पुढं, आई?"

"पुढं काय. हिंदुस्थानची फौज आली, रझाकार पळाले, आम्ही माघारी गेलो." सासूबाईंनी डोळे उघडले आणि बागेकडे बघितलं. "घर व्हतं. वासे व्हते, दारं व्हती. चुलीजवळ पानी भरल्याली घागर व्हती. अण्णा नव्हते."

"म्हणजे?"

"नव्हते. कुनी म्हनलं नदीकडं नेलं. कुनी काय. मायनं त्या घरात पुन्हा चूल न्हाई पेटवली. मामाकडंच ऱ्हायलो." मग त्यांनी हात मागं नेला, तिचा तेलकट हात शोधून धरला आणि मराठीतच तिला म्हणाल्या, "घराला काय करती, पोरी? घर राहतंय. मानूस राहत न्हाई."

मी त्याचंही भाषांतर केलं. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं वेणी पूर्ण घातली, टोकाला रबर लावलं, हात पुसले आणि वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी फोन लागला. ती स्वयंपाकघरात उभ्यानंच बोलली. या वेळी हवेची चौकशी नव्हती. मला भाषा येत नाही, पण एक शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि तिचा आवाज आमच्या वेळच्या शाळेतल्या कडक बाईंसारखा झाला होता. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, बघू. आधी दारांना रंग द्यायचाय." ती खुर्चीवर बसली. "मी म्हटलं, रंग देऊ नकोस. ये."

त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. आठवडा गेला, दुसरा गेला. तिनं मैत्रिणीला, दुकान घेतलेल्या त्याच मैत्रिणीला, मेसेज केला. उत्तर आलं नाही. त्या दिवसांत ती पिनरभर चालत राहायची. स्टेशनकडून हाय स्ट्रीट, चर्चचा चढ, मग पार्कातून परत. मी कधी कधी सोबत जायचे. सप्टेंबरच्या धुक्यात तळं दिसायचं, त्यावरची बदकं दिसायची नाहीत, नुसता आवाज. एकदा ती म्हणाली, "मीच त्याला निघायला लावलं. घरात होता तेव्हा कुठं आहे ते तरी माहीत होतं." मी तिचा दंड धरला आणि आम्ही तशाच घरी आलो. सासूबाई तर सांगितलेलं सगळं विसरून गेल्या होत्या. अण्णांबद्दल मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "शेतात गेलेत."

एके दुपारी ती चालायला गेली आणि फोन चार्जिंगला लावून घरीच विसरली. मी वरच्या मजल्यावर होते. खाली सासूबाई कुणाशी तरी बोलतायत असं वाटलं. रोजचंच म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण त्या मध्ये मध्ये थांबत होत्या, समोरचं माणूस बोलतंय तशा.

खाली आले तर तिचा फोन त्यांच्या कानाला.

"जेवलात का?" त्या विचारत होत्या. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, लांबलचक काहीतरी. "हां, हां. पोरगी भाईर गेली. येईल आता." पुन्हा आवाज. "राहू द्या. घर राहू द्या. तुम्ही या."

मी फोन जवळजवळ हिसकावून घेतला. तो माणूस तिचं नाव घेत होता आणि मग एकच शब्द, सावकाश, मला कळावा म्हणून: रीगा. रीगा. लॅटव्हियाची राजधानी. म्हणजे तो बाहेर पडला होता. मी चपला घालून पार्काकडे पळत सुटले. पंचावन्न पार केल्यावर माणूस पळतो ते बरं दिसत नाही, पण त्या दिवशी मला कुणाची पर्वा नव्हती. ती पार्कातल्या पुलावर उभी होती. मी फोन पुढं केला. तिनं कानाला लावला आणि कठड्याला पाठ टेकवून हळूहळू खाली बसली.

पुढं कळलं ते असं. सीमेवर त्याला खोलीत डांबून दिवसचे दिवस प्रश्न विचारले, फोन काढून घेतला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, सोडलं. घरातून निघताना कुत्र्याला कुठं ठेवायचं हा प्रश्न होता, तर त्यानं नेऊन त्याच मैत्रिणीच्या दुकानात बांधला. तिनं काही न बोलता आत घेतला. उत्तर न देण्याचं कारणही तेच, लिहिणं धोक्याचं होतं. हे ऐकून आमची पाहुणी हसत सुटली. "दुकान घेतलं, आता कुत्राही घेतला!" हसता हसता तिला रडू आलं, आणि मग ते थांबेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो.

त्याचा व्हिसा होऊन तो आला तेव्हा हिवाळा सुरू झाला होता. उंच, वाकलेला, मोठ्या हातांचा माणूस. आमच्या घरात त्याला आपले हात कुठं ठेवावेत ते कळत नसे. आठवडाभरात त्यानं बाथरूमचा गळका नळ, बागेतलं फाटक आणि माझ्या नवऱ्यानं वर्षानुवर्षं पुढं ढकललेलं गटाराचं काम करून टाकलं. सासूबाई त्याच्याकडे टक लावून बघत बसायच्या. एकदा मी घाबरत विचारलं, "आई, हे कोण?"

"गवंडी," त्या म्हणाल्या. "चांगला हाय. जाऊ देऊ नको."

आता ती दोघं वेम्बलीच्या बाजूला भाड्यानं राहतात. ती ईलिंगमधल्या एका सलूनमध्ये काम करते. तिथं पंजाबी आणि गुजराती बायका येतात आणि तिला लग्नाच्या केशरचना शिकवतात. त्याला एका नर्सरीत काम आहे, रोपं, कुंड्या, माती. व्हिसा अजून किती काळ चालेल ते नक्की कुणी सांगत नाही, म्हणून घरात त्यांनी फारसं काही घेतलेलं नाही. भिंती मोकळ्या आहेत.

मागच्या महिन्यात आम्ही तिघं त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. तो सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगायला लागला. तिनं त्याच्या पायांवर पांघरूण टाकलं. मी हळूच विचारलं, "घराचं काही कळलं?"

"कळलं." ती टेबलावर ताटल्या मांडत होती. "लोक राहायला आलेत. लांबून, रशियाच्या उत्तरेकडून कुठून तरी. मैत्रिणीनं कुणाहाती निरोप पाठवला, बाई बरी आहे. झाडांना पाणी घालते."

"तुला काय वाटतं?"

तिनं शेवटची ताटली ठेवली. खिडकीबाहेर लिंडनचं झाड फुललेलं होतं आणि खोलीत त्याचा मंद गोड वास भरून होता.

"आधी वाटायचं, सगळी झाडं वाळून जावीत," ती म्हणाली. "आता वाटतं, पाणी घालते ते बरंय. जर्दाळू तिचं ऐकतात का नाही ते मला माहीत नाही."

झोपेतूनच तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, डावीकडच्या झाडाला जास्त लागतं."

मग तिनं चेरी भरलेल्या वाफाळत्या वारेनिकी वाढल्या, आपल्या करंजीसारख्या पण उकडलेल्या. सासूबाईंनी पहिला घास घेतला, साखर कमी आहे म्हणाल्या आणि ताटली पुढं केली.